मांडा रेघेचा, हात मंगलचे

फोन आला तेव्हा मी धुळ्याला ज्योतीच्या घरी जेवत होतो. ज्योती माझी मुलगी. तिच्या सासरकडच्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, त्या द्यायला सकाळच्या एस्टीने गेलो होतो आणि ऊन उतरल्यावर परत जळगावला निघणार होतो. फोन सुपडूचा. सुपडू म्हणजे आमच्या दुकानाला लागून ज्याचं शिवणाचं दुकान आहे तो टेलर. एरवी तो फोनवर ओरडून बोलतो, त्या दिवशी हळू बोलला. "आप्पा, वहिनी खुर्चीतच बसल्या आहेत... पण बोलत नाहीत." मी म्हटलं, "काम करत असेल. कामात असली की ती माझ्याशीही बोलत नाही." तो म्हणाला, "नाही आप्पा. तुम्ही निघा." एवढंच. घास हातात होता तो ताटात ठेवला. ज्योतीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चपला घातल्या.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी खिडकीबाहेर बघत होतो पण काय बघितलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. दुकानात पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. मंगलला सुपडूच्या बाकावर निजवलं होतं, अंगावर त्याने शिवायला आलेली कोणाची तरी नवी चादर घातली होती. मी आमच्या दुकानात शिरलो. का शिरलो माहीत नाही. तिथे ती नव्हती हे मला दिसत होतं. टेबलाला माझा धक्का लागला, माउस हलला आणि काळी पडलेली स्क्रीन एकदम उजळली. तिच्यावर मंगलचा डावा हात होता. एवढा मोठा केलेला, की पाचच बोटांनी सगळी स्क्रीन भरली होती. बोटांच्या कडेकडेने एक बारीक निळी रेघ निघाली होती. अंगठ्यावरून, तर्जनीवरून, एकेक बोट चढत उतरत ती करंगळीच्या खाली आली होती आणि तिथेच थांबली होती. मनगट राहिलं होतं. सुपडूने मागून विचारलं, "आप्पा, बंद करू का हे?" मी त्याला म्हणालो, "हात लावू नको." एवढ्या जोरात म्हणालो की तो मागे सरकला. दुसऱ्या दिवशी ज्योतीने ती फाइल होती तशी सेव्ह केली आणि मग कॉम्प्युटर बंद झाला.

मंगल दोंडाईच्याची. तिला बघायला गेलो तेव्हा माझ्या आईने आधी हात पुढे करायला सांगितले. डाव्या हाताची करंगळी जन्मापासून आत वळलेली होती. आई म्हणाली, "हिचं बोट वाकडं आहे." मंगलचे वडील काही बोलायच्या आत मंगलच म्हणाली, "हो, पण बाकीची नऊ सरळ आहेत." आईने तोंड वाकडं केलं. मी मात्र तिथेच मनात हो म्हणून टाकलं होतं. मी सातवी शिकलेला माणूस, ट्रेडल मशीनवर पाय मारणारा. ती दहावी झालेली. आमचा तेव्हा खिळ्यांचा छापखाना होता. शिशाची उलटी अक्षरं एकेक वेचून ओळ जुळवायची, मग छापायचं. कामाला ठेवलेला माणूस सणावाराला दांडी मारायचा, म्हणून एका दिवाळीत मंगल खिळे जुळवायला बसली ती बसलीच. उलटी अक्षरं तिला सुलट्यासारखी वाचता यायला लागली. मला अजून येत नाहीत. संध्याकाळी घासलेटने हात धुवायची, तरी बोटांची टोकं काळीच राहायची. आई म्हणायची, "ह्या हातांचं पुरण कोण खाईल?" त्यात आईचं काही चुकत नव्हतं. मंगलचा स्वयंपाक यथातथाच होता. मांडा तर तिला जन्मात जमला नाही.

मांडा म्हणजे काय ते खान्देशात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पुरणाची पोळी, पण पोळपाटावर लाटायची नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा, एवढा पातळ की पलीकडचा जाळ दिसावा, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. मंगलचा मांडा खापरापर्यंत पोचायच्या आत फाटायचा. दर आखाजीला फाटायचा. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. घर बायकांनी भरलेलं असायचं आणि मंगल चुलीपाशी उभी राहून फाटलेल्या मांड्याचे तुकडे स्वतःच खायची आणि म्हणायची, "छान झालाय. फक्त गोल नाही."

खिळे भंगारात गेले. ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला. मी मशीनवर राहिलो, ती स्क्रीनसमोर गेली. कोर्सला गेली तेव्हा वर्गात तिच्या वयाचं कोणी नव्हतं. घरी येऊन माझ्यावर चिडायची, "तो मास्तर एवढं भराभर क्लिक करतो, जसं काही त्याची गाडी सुटतेय." पण शिकली. पत्रिका, पावती पुस्तकं, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, आणि सगळ्यात आवडीचं काम म्हणजे लोगो. लोगोचं काम आलं की घरात भाजी खारट व्हायची. जांभळा रंग तिला फार प्रिय. हार्डवेअरच्या दुकानालाही जांभळा, दवाखान्यालाही जांभळा. गिऱ्हाईक नाही म्हणालं की माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "लोकांना नजर नाही." मी म्हणायचो, "लोकांना आहे, तुला जांभळ्याचं वेड आहे." मग मला त्या दिवशी चहा मिळायचा नाही. सुपडूकडे जाऊन प्यावा लागायचा.

तिच्या कामातली एक गोष्ट मला मशीनवाल्याला लवकर कळली, कारण ती गिऱ्हाइकांना रोज समजावायची आणि मी रोज ऐकायचो. चित्र दोन जातींचं असतं. एक रेघांचं, एक फोटोचं. ती म्हणायची, "रेघ कॉम्प्युटर दर वेळी नव्याने ओढतो. तिकिटाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी करा, तिला काही होत नाही. फोटो म्हणजे रांगोळीचे ठिपके. जेवढे टाकले तेवढेच. ताणलं की मधे जमीन दिसते." एकदा रावेरकडचे एक केळीवाले शेठ आले. त्यांना लोगोत केळीचा घड हवा होता आणि घडाच्या मधोमध स्वतःचं तोंड. मंगलने समजावलं की नुसता घड करू. शेठ म्हणाले, "ताई, घड तर सगळ्यांचाच असतो. तोंड माझं आहे." त्यांनी दिला पासपोर्टचा फोटो, तोही स्टेपलरची पिन टोचलेला. तिने घड रेघांनी काढला, सुंदर काढला, केळीवरचे ते बारीक काळे डागसुद्धा. आणि मधे शेठ. पावतीवर झकास आलं. मग शेठनी आम्हाला न विचारता तोच लोगो ट्रकच्या मागच्या फळक्यावर मोठा करून घेतला आणि ट्रक दाखवायला दुकानासमोर आणून उभा केला. घड असा टवटवीत की तोडून खावा. शेठ मात्र चौकोन चौकोन झालेले, एक डोळा कुठे तर मिशी कुठे. मंगल बघत राहिली आणि म्हणाली, "केळी टिकली, शेठ फाटले." शेठ पण हसले. मोठ्या मनाचे. पुढच्या वेळी स्टुडिओत जाऊन मोठा फोटो काढून घेऊन आले. लोगोतून तोंड मात्र त्यांनी काढू दिलं नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात तिने जेव्हा स्वतःच्या डोक्याने लोगोत फोटो घालायचं ठरवलं तेव्हा मी म्हणालो, "तूच लोकांना नको म्हणतेस ना?" काम होतं पारोळ्याच्या वेणूअक्काचं. वेणूअक्का मांडे करते. आधी शेजारपाजारचं करायची, मग लग्नांच्या ऑर्डरी यायला लागल्या, आता चार बायका हाताखाली आहेत. तिला डब्यांवर आणि हायवेच्या पाटीवर टाकायला निशाणी हवी होती, आणि ती आखाजीच्या आधी हवी होती, कारण तिचा खरा हंगाम तोच. मंगलने मांडा रेघांनी काढला. त्यासाठी ती पारोळ्याला जाऊन अक्काच्या चुलीपाशी बसून आली होती. कडेला पातळ, मधे पुरणाची सावली, भाजल्याचे तपकिरी ठिपके, सगळं रेघांत. पण खाली हात हवे होते, मांडा पेलणारे, आणि ते तिला रेघेत जमेनात. काढायची आणि पुसायची. हातमोज्यांसारखे दिसायचे. शेवटी म्हणाली, "मांडा काढता येतो हो. हात काढता येत नाही. हात ज्याचा त्याचाच असतो."

अक्काच्या हातांचे फोटो काढायला आम्ही दोघं गेलो. पण मांडा हातावर असताना अक्का थांबते कुठे? थांबली तर फाटतो. सगळे फोटो हलले. वर धूर. अक्काला म्हटलं नुसते हात पुढे धर, तर ते लाकडासारखे ताठ झाले. अक्का म्हणाली, "मंगल, तुनाच हात घे ना. तुना हातवर मांडा कधी टिकना नई, फोटोमा तरी टिकाडी ले." मंगलला ते लागलंही आणि पटलंही. घरी येऊन तिने माझा जुना पंचा ओला केला, पिळला, दोन्ही हातांवर पसरला. म्हणाली, "हातावर ओझं नसलं की हात खोटं बोलतो." दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात, खुर्चीवर बसली आणि फोन माझ्या हातात दिला. "हातच घ्या फक्त. मी नको." फोटोत यायची तिला मोठी कटकट. अख्ख्या गावाचे फोटो साफ करून द्यायची, स्वतः कॅमेऱ्यासमोरून उठून जायची. मी पाचसहा काढले, तिने एक निवडला. पंच्याच्या जागी रेघांचा मांडा बसवला आणि खरोखर, पंच्याच्या ओझ्याने वाकलेले ते हात मांड्याखाली असे बसले की अक्काही फसली असती. घाईत कसेतरी कापून तिने एक लहानसा नमुना अक्काच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अक्काचं उत्तर आलं, "हाऊच पाहिजे," म्हणजे हाच. मग मंगल हातांच्या कडेकडेने रेघ फिरवत ते कापणं नीट करायला बसली. उजवा हात झाला. होळी झाली. डाव्याचं मनगट राहिलं...

तिच्या दहाव्याला लोक म्हणाले, चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावू. या शहरातले निम्मे तसले बोर्ड तिनेच केलेले. गेलेल्या माणसाचा मळका फोटो ती असा उजळून द्यायची की घरचे बघून पुन्हा रडायचे. आता तिच्यासाठी फोटो शोधायला बसलो तर नाहीच. लग्नातले आहेत, त्यात ती खाली बघतेय. ज्योतीच्या लग्नात ती कायम कोणाच्या तरी मागे आहे. आधारकार्डावर आहे एक, पण ती बाई कोण आहे मला माहीत नाही. मी म्हणालो, बोर्ड नको. लोकांना वाटलं आप्पा खर्चाला बघतो. वाटू दे.

दुकान उघडलं तेव्हा वेणूअक्काचा फोन आला. तिने लोगोचं नाव काढलं नाही, मीच काढलं. ती म्हणाली, "भाऊ, ऱ्हाऊ द्या. आखाजी काय यंदानीच शे का?" पण मला माहीत होतं, तिची पाटी नाही लागली तर हायवेवरचं गिऱ्हाईक पुढे निघून जाणार. आणि खरं सांगायचं तर मला अक्कापेक्षा माझी घाई होती. मला ते हात कुठेतरी लागलेले बघायचे होते. घरात नाही, फोटोच्या चौकटीत हार घालून नाही. हायवेवर, उन्हात, येणाराजाणारा बघेल असे. ती काढून-पुसून, भाजी खारट करून ज्या कामाला चिकटली होती ते काम दुसऱ्या कोणी गुंडाळून टाकावं हे मला नको होतं. म्हणून मी जे करू नये ते केलं. माउस मला धरता येत नाही, फाइल उघडता येत नाही. मी अक्काकडून तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा नमुना मागवला आणि फ्लेक्सवाल्याला फोनवरून पाठवून दिला. म्हटलं, मोठी पाटी कर, हायवेवरच्या मारुतीच्या देवळापासून दिसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो. फ्लेक्स जमिनीवर पसरला होता. तुम्ही ओळखलंच असेल. मी पण ओळखायला हवं होतं, आयुष्यभर ठिपक्यांवर शाई चढवली आहे मी, शेठचा ट्रक मी ह्याच डोळ्यांनी बघितला होता. मांड्याची कड धुरासारखी विरघळली होती, कारण त्या लहानशा नमुन्यात रेघही फोटो होऊन गेली होती. आणि हात... हातांचे चौकोन झाले होते. तपकिरी, गुलाबी, राखाडी चौकोन. करंगळी कुठली आणि मांड्याची कड कुठली कळत नव्हतं. मी तिथे उकिडवा बसलो आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. फ्लेक्स उन्हाने तापला होता. फ्लेक्सवाला भला माणूस, तो पण बाजूला बसला. म्हणाला, "आप्पा, लोगोत फोटो कोणी ठेवत नाही हो. तयार हात मिळतात, रेघांचे, पाहिजे तसे. हजार प्रकार आहेत. तासाभरात बसवून देतो." मी विचारलं, "त्यांत वाकड्या करंगळीचे आहेत?" डाव्या हाताची रेघ अर्धी राहिल्याचंही मी त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, "वहिनींची मूळ फाइल आणा. तिच्यातला फोटो मूळचा मोठा असेल, मी पाटीएवढं करून देतो. पण दुसरा हात कापून पूर्ण करून आणा, मला तो कापायला सांगू नका." मी विचारलं, का? तर म्हणतो, "मला नाही जमणार ते. त्यांनीच मला हे काम शिकवलं."

ज्योतीला फोन केला. तिला आखाजीला यायचंच होतं, ती आठवडाभर आधी आली. लहानपणी शाळेतून आली की आईशेजारी स्टूल टाकून बसायची, त्यामुळे तिला थोडंफार येतं. धुळ्यात ती एका पतपेढीत आहे, तिथे असलं काही लागत नाही, पण हात विसरलेले नव्हते. खुर्चीवर मात्र बसेना. आईची खुर्ची बाजूला सरकवली आणि स्टूलच घेतलं. मी मागे उभा. फाइल उघडली. तीच पाच बोटं, तीच निळी रेघ करंगळीखाली थांबलेली. ज्योती म्हणाली, "रेघेचं तोंड बंद झालं पाहिजे आप्पा. शेवटचं टोक पहिल्याला जुळलं की मग फोटो तिच्यात बसतो." मी म्हटलं, "मला सांगू नको, जुळव." ती म्हणाली, "मला जरा लांबून बघू दे," आणि चित्र लहान केलं.

चित्र लहान झालं आणि पहिल्यांदा मी तो फोटो पूर्ण बघितला. उजवा हात पांढऱ्यावर स्वच्छ बसलेला होता. डाव्या बाजूला मूळ फोटो अजून जसाच्या तसा होता. निळी प्लास्टिकची खुर्ची, शटरची कड, तिच्या जांभळ्या लुगड्याचा काठ, आणि वर कोपऱ्यात, फोटोच्या अगदी कडेला, हनुवटी. हनुवटी आणि अर्धे ओठ. जरा धूसर. हसणारे.

ज्योतीचा हात माउसवर थांबला. मी म्हटलं, "हे काय आहे?" माहीत असून विचारलं. ती म्हणाली, "आई."

मग मला आठवलं. ती ओला पंचा हातांवर धरून बसली होती, पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं आणि मी फोन सरळ धरायच्या नादात तिला म्हणालो होतो, "हलू नको, फाटेल." पंचा. सुती पंचा, माझ्या लग्नाच्या वयाचा. ती जी हसायला लागली ती थांबेना. "अहो पंचा आहे तो! तो तरी टिकू द्या माझ्या हातावर!" आणि मी बटण दाबलं होतं. पाचसहा फोटोंतून तिने नेमका तो निवडला. हात चांगले आले म्हणून निवडला असणार. तिच्या डोक्यात तेवढंच असायचं. पण ते हात चांगले का आले होते ते आता मला दिसत होतं. हसणाऱ्या बाईचे हात होते ते.

मी ज्योतीला विचारलं, "आता तू ती रेघ जुळवली की हे जाणार?" तिने माउस सोडला. मी म्हटलं, "मग राहू दे. अक्काला सांगतो, तयार हात बसव. हे नको घालवू." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला पाटीचं, डब्यांचं, आखाजीचं काही नव्हतं. एवढे दिवस जे हात हायवेवर लागावेत म्हणून मी जीव टाकत होतो, ते जाऊ देत, पण तो अर्धा ओठ राहू दे, असं झालं होतं. सबंध घरात, सबंध आयुष्यात तेवढाच होता.

ज्योती वळली. तिचे डोळे भरलेले, पण आवाज तिच्या आईचा, गिऱ्हाइकाला समजावतानाचा. "आप्पा, इकडे बघा. हे कापणं नाही. रेघेत फोटो बसवला की बाहेरचं फक्त झाकलं जातं. खाली सगळं असतं. आईने उजवा हात पण तसाच बसवलाय, हे बघा." तिने उजव्या हातावर काहीतरी दाबलं आणि त्या एका हाताभोवती सगळा फोटो उलगडला. खुर्ची, शटर, काठ. आणि इकडेही कोपऱ्यात तेच हसू. पुन्हा दाबलं, पुन्हा नुसता हात. मी म्हटलं, "परत दाखव." तिने दाखवलं. "झाक." झाकलं. "परत." ज्योती रडत हसायला लागली. "आप्पा, पुरे ना आता." मी म्हणालो, "छापताना?" ती म्हणाली, "छापताना नुसते हात जातील. पण फाइल आपल्याकडे राहील. ती कोणाला द्यायची नाही." मी म्हटलं, "मग जुळव रेघ. करंगळी सांभाळ, सरळ करू नको तिला."

तिने मनगटावर एक टिचकी मारली, मग दुसरी, मग काकणाच्या खालून वळवली. शेवटचं टोक पहिल्या टोकाजवळ नेलं आणि जरा थांबली. तिने जुळवलं. खुर्ची गेली, शटर गेलं, काठ गेला, हसू गेलं. पांढऱ्या स्क्रीनवर दोन हात राहिले आणि त्यांच्यावर रेघांचा मांडा, न फाटलेला.

पाटी आखाजीच्या दोन दिवस आधी लागली. धुळ्याहून येताना पारोळ्याच्या अलीकडे उजव्या हाताला बघा, देवळापासून दिसते. करंगळी पण दिसते. वेणूअक्काकडे गेलो होतो तेव्हा एक बाई डबा घेताना हात कोणाचे आहेत ते विचारत होती, "कोना हात शेतस व अक्का? तुना तं नई वाटतस." अक्का खापरावरून नजर न काढता म्हणाली, "मना नई शेतस. जिनी हाई पाटी करी, तिना शेतस." त्या बाईला काही कळलं नाही, ती डबा घेऊन गेली. अक्काने मला मांडा वाढला, वर तूप सोडलं. खाताना त्याची कड मोडली आणि मी तो तुकडा तसाच हातात धरला. अक्का म्हणाली, "भाऊ, सावकाश खा." मी सावकाश खाल्ला.

दुकान मी बंद केलेलं नाही. लोक विचारतात, आप्पा आता कशाला. कॉम्प्युटरवर बसायला कोणी नाही, ज्योती रविवारी येते तेव्हा थोडं करते, बाकी मी जुनी प्लेट असलेली कामं छापतो. माउस मला अजून धरता येत नाही, हातात घेतला की बाण कुठल्या कुठे पळतो. पण जाताना ज्योतीने मला एवढं शिकवून ठेवलं, की ती फाइल कुठून उघडायची, हातावर बाण नेऊन काय दाबायचं आणि परत झाकायला काय दाबायचं. सकाळी शटर उघडतो, झाडू मारतो, तिची खुर्ची पुसतो, तिच्यावर बसत नाही, उभ्यानेच दाबतो. कोपऱ्यात मंगल हसते. सुपडूने मशीन सुरू करेपर्यंत मी बघतो. मग झाकतो, आणि शाई कालवायला घेतो.